दर तीन तासांनी तीन व्हायल

संध्याकाळी पाचच्या सुमारास मेथोट्रेक्सेट या कॅन्सरच्या औषधाची, डोस सुरू केल्यापासून ४८ तासांची रक्तातली लेव्हल आली, साडेसहा मायक्रोमोल. तोपर्यंत ती एकच्या आसपास उतरायला हवी होती. मूत्रपिंडाचं काम बिघडलं की वाढणारं क्रिएटिनिन ०.७ वरून १.६ वर गेलं होतं.

नेरुळच्या एका हॉस्पिटलच्या कॅन्सर वॉर्डात मी क्लिनिकल फार्मासिस्ट होते तेव्हाची ही गोष्ट. पेशंट सोळा वर्षांचा मुलगा, मांडीच्या हाडाचा कॅन्सर, ऑस्टिओसार्कोमा. वडील वाशीच्या एपीएमसीत भाजीच्या गाळ्यावर कामाला.

या आजारात मेथोट्रेक्सेट शरीराच्या दर चौरस मीटरमागे १२ ग्रॅम देतात. एवढा डोस देऊन पुढे काहीच केलं नाही तर माणूस वाचणार नाही. हे औषध पेशीतलं एक एन्झाइम बंद पाडतं, फोलेट हे व्हिटॅमिन वापरण्याजोगं होत नाही, डीएनए बनत नाही. गाठ मरते, पण तोंडाचं अस्तर, आतडी, अस्थिमज्जाही त्यात सापडतात. म्हणून चोवीस तासांनी उतारा म्हणून ल्युकोव्होरिन, म्हणजे वापरायला तयार फोलेट, सुरू करतात. लवकर दिलं तर गाठीलाही आधार मिळतो, फार उशीर झाला तर नुकसान भरून येत नाही.

इथे मूत्रपिंड औषध बाहेर टाकत नव्हतं. भरपूर सलाइन होतं, लघवी अल्कधर्मी ठेवायला सोडाबायकार्ब होतं. मग अडलं कुठे? मी आईजवळ जाऊन बसले. नेहमीची औषधं विचारली तर ती नाही म्हणाली. ‘दुखण्यावर काही दिलंत का मावशी?’ म्हटल्यावर ती पुटपुटली, ‘पाय ठणकत होता, ताई. घरातली गोळी होती, दोन दिली.’ पर्समधून पाकीट निघालं, डायक्लोफिनॅक. अशा गोळीने मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि मेथोट्रेक्सेट रक्तातच अडकतं. ती रडायला लागली. दोष तिचा नव्हताच. ‘काही औषधं चालू आहेत का’ असं विचारलं की आपल्याकडे दुखण्याची गोळी कुणी औषधात धरत नाही. प्रश्न नाव घेऊनच विचारायला हवा.

डॉक्टरांनी ल्युकोव्होरिन वाढवलं: दर तीन तासांनी १५० मिलिग्रॅम, शिरेतून. व्हायल, म्हणजे इंजेक्शनची छोटी बाटली, पन्नास मिलिग्रॅमची, म्हणजे दर वेळी तीन आणि दिवसाला चोवीस. रात्र निघेल एवढाही साठा नव्हता. पहिला डोस वेळेवर गेला आणि मी वाशी, बेलापूर, ठाण्यापर्यंत फोन लावत बसले.

वडील दारात उभे होते. ‘मॅडम, फोलिक ॲसिडच्या गोळ्या खालच्या मेडिकलला मिळतात. त्याच आणू का? व्हिटॅमिनच ना ते?’

प्रश्न अगदी रास्त होता. आणि या व्हिटॅमिनची कहाणी इथून फार लांबची नाही. लुसी विल्स या इंग्लिश डॉक्टरांनी मुंबईत गरोदर बायकांच्या ॲनिमियावर काम केलं, यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे १९३१ साली मांडलं, आणि त्यातूनच पुढे फोलेट सापडलं. पण फोलिक ॲसिडला उपयोगी व्हायला तेच एन्झाइम लागतं, जे मेथोट्रेक्सेटने बंद केलेलं असतं. ल्युकोव्होरिनला त्याची गरज पडत नाही. ‘काका, तो रस्ताच बंद आहे. हे औषध दुसऱ्या रस्त्याने जातं,’ एवढंच मी म्हटलं.

व्हायल नऊच्या आत आल्या. प्रत्येक सिरिंजवर मी मोठ्या अक्षरांत ‘फक्त शिरेतून’ लिहिलं, कारण ल्युकोव्होरिन चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर जीव जाऊ शकतो. त्यात कॅल्शियम असतं, म्हणून मिनिटाला १६० मिलिग्रॅमपेक्षा वेगाने द्यायचं नाही आणि सोडाबायकार्बच्या लाइनमधून तर मुळीच नाही. रात्रपाळीच्या सिस्टरने एकही वेळ चुकू दिली नाही. खरं काम तिचं.

लेव्हल एकच्या खाली आल्यावर डोस दर तीन तासांनी १५ मिलिग्रॅमवर आला. ०.०४ आल्यावर ल्युकोव्होरिन थांबवलं. तोंडात फोड आले, पण गिळता येत होतं. केमोची पुढची सायकल क्रिएटिनिन पूर्वपदावर येईपर्यंत लांबवली. त्या वेळी आईने दाखल होतानाच घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी माझ्यासमोर रिकामी केली.