सेंट मॉरिट्झ: उन्हामागे धावलेला एक दिवस

माझी धाकटी बहीण झुरिकला राहते. गेली चार वर्षं तिचं एकच टुमणं होतं, "ताई, गुलमर्गला स्की शिकलीस ना, मग एकदा इथे ये." गुलमर्गच्या सरकारी संस्थेत मी चौदा दिवसांचा कोर्स केलेला. पडत-झडत वळता येतं, थांबता येतं, आणि समोर माणूस आला तर ओरडता येतं. एवढ्या भांडवलावर मार्चच्या मध्यात आम्ही स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झला गेलो.

नाव ऐकूनच खिसा दुखायला लागतो, हे खरं आहे. गावातल्या मुख्य रस्त्यावर घड्याळांची आणि फर कोटांची दुकानं ओळीने उभी आहेत. काचेआडच्या किमती वाचायच्या नाहीत, असं आम्ही आधीच ठरवलं होतं. पण डोंगरावर पोचलं की सगळ्यांच्या पायात तेच जड बूट, आणि बर्फावर आपटल्यावर उठायची तीच केविलवाणी पद्धत. श्रीमंती खाली गावात राहते. वर ज्याचे पैसे मोजतो ते म्हणजे ऊन.

या गावाने उन्हाचाच धंदा केला आहे. गोष्ट अशी सांगतात की १८६४ साली बाद्रुट नावाच्या हॉटेलवाल्याने उन्हाळ्यात आलेल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली: हिवाळ्यात या, इथे ऊन पडतं, नाही आवडलं तर प्रवासखर्च माझा. ते आले आणि ईस्टरपर्यंत हललेच नाहीत. पुढे १९२८ आणि १९४८ अशी दोन हिवाळी ऑलिंपिक इथे झाली. गावाचं बोधचिन्हही सूर्यच. वर्षाला ३२२ दिवस ऊन असतं, असा गावाचा दावा आहे. दावा मोजायला मी थांबले नाही, पण आम्हाला मिळालेला दिवस तरी त्या ३२२ मधलाच होता.

झुरिकहून जायचं तर कूरला गाडी बदलून रेशियन रेल्वेची लाल गाडी पकडायची. एकूण सव्वातीन-साडेतीन तास लागतात. अल्बुलाचा हा मार्ग २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. बेर्ग्यून ते प्रेडा या टप्प्यात गाडी डोंगरात गोल गोल वळसे घेत चढते आणि तेच चर्च कधी डावीकडे तर कधी उजवीकडे दिसत राहतं. एका दिवसात जाऊन येता येईल, पण तसं करू नका. सकाळचे सोन्यासारखे तास गाडीतच जातात, आणि ते तास किती मोलाचे ते पुढे सांगते. आम्ही आदल्या संध्याकाळी पोचलो आणि खालच्या भागात, म्हणजे बाडमध्ये, यूथ होस्टेलवर राहिलो. वरचा भाग डॉर्फ. स्टेशन तळ्याच्या काठाशी आहे आणि डॉर्फ त्याच्या वर, पण पार्किंगमधून सरकते जिने थेट वर नेतात. सामान आणि बूट घेऊन चढण चढायचा शूरपणा करू नका.

डोंगरावरच्या लिफ्टचा पास आधीच ऑनलाइन काढा. इथे पासाचे दर दिवसागणिक बदलतात आणि जितकं लवकर घ्याल तितकं साधारण स्वस्त पडतं. कार्ड जाकिटाच्या डाव्या खिशात एकटं ठेवायचं. फाटक ते आपोआप वाचतं. मी मोबाइलसोबत ठेवलं होतं आणि पहिल्याच फाटकाशी माझ्यामागे आठ माणसांची रांग लागली.

भाड्याच्या बुटांची एक कहाणी आहे. दुकानातल्या मुलाने सेंटिमीटरमध्ये माप विचारलं आणि घाईघाईत एक माप मोठे बूट दिले. मला ते मऊ मऊ, आरामशीर वाटले, तिथेच चूक झाली. स्कीचा बूट पायात आरामशीर वाटला की समजावं, तो आपला नाही. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे अलगद टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर सुटली पाहिजेत. टाच जराही उचलली जाता कामा नये. दोन तासांनी माझी नडगी सोलपटून निघाली तेव्हा हे ज्ञान झालं. नंतर दुकानाने हूं की चूं न करता बूट बदलून दिले, पण त्यात तास गेला. तेव्हा घालून दहा मिनिटं दुकानातच फिरा, मागे कोण ताटकळत असेल ते असो. आणि वजन विचारतील तेव्हा खरं सांगा. पडल्यावर स्की पायातून कधी सुटायची ते वजन, उंची, वय आणि तुमची तयारी यांवरून बसवतात. तिथे पाच किलो लपवले तर स्की नको तेव्हा पायातून सुटते आणि त्याचा हिशेब बर्फावर आपटून द्यावा लागतो.

डॉर्फमधून फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी डोंगरगाडी, निघते. शांतारेलाला गाडी बदलायची आणि कोर्विलियाला उतरायचं, उंची २,४८६ मीटर. आमच्या डब्यात फर कोटातल्या एक आजी होत्या, मांडीवर कुत्रा, त्याच्याही अंगात कोट. त्या स्की करायला निघाल्या नव्हत्या, फक्त उन्हात बसायला चालल्या होत्या. तेव्हा मला हसू आलं होतं. दुपारपर्यंत त्यांचं बरोबर होतं असं वाटायला लागलं.

वर पोचलो तेव्हा नऊ वाजत आले होते. आकाश इतकं निळं की खोटं वाटावं. समोर दरीपलीकडे बेर्निनाचा डोंगर, ४,०४९ मीटर, पूर्व आल्प्समधला सर्वात उंच. खाली गोठलेल्या तळ्यांची पांढरी माळ. रात्री यंत्रं उतार सारखे करून जातात, त्यामुळे सकाळी बर्फावर बारीक रेघा असतात, तांदळाच्या पिठीवर फणी ओढावी तशा. त्या रेघांवरून पहिल्यांदा घसरताना पायाखाली कुरकुर असा आवाज येतो. त्या आवाजासाठीच लवकर उठावं.

पण मार्चमध्ये फार लवकरही नको. हे आम्हाला बहिणीच्या नवऱ्याने शिकवलं. तो म्हणाला, "ताई, घड्याळ बघू नका, उतारावर ऊन कुठे आलंय ते बघा." कोर्विलियाचा डोंगर दक्षिणेकडे तोंड करून बसला आहे. दिवसभराच्या उन्हाने वरचा थर वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि सकाळी सावलीतला उतार फरशीसारखा कडक असतो. ऊन पडल्यावर तासाभरात तो वरून सुटतो, दोन बोटं मऊ आणि खाली टणक. तीच वेळ साधायची. पूर्वेकडचे उतार आधी सुटतात, म्हणून सकाळी आम्ही सेलेरिना गावाच्या बाजूला, मार्गुन्सच्या वाटीसारख्या खोलगट भागात गेलो, आणि ऊन सरकलं तसे पश्चिमेला, सुव्रेताकडे. जेवणाआधीचे ते दोन तास मी आयुष्यात सर्वात चांगलं स्कीइंग केलं. वळण मनात आलं की पाय वळत होते. गुलमर्गचे आमचे उस्ताद बघायला हवे होते!

स्वित्झर्लंडमध्ये निळा उतार सोपा, लाल मधला, काळा अवघड. हिरवा नसतो. पण कोर्विलियाचे बरेचसे उतार लाल आहेत, निळे मोजकेच, तेव्हा पहिल्यांदाच स्कीवर उभे राहणाऱ्याने थेट वर येऊ नये. शांतारेलाजवळ सालास्त्राइन्सला सपाट जागा आणि शाळा आहे, तिथे दोन दिवस घालवावेत. आणि एक नियम पाठ करून ठेवा: पुढे, म्हणजे खाली असलेल्या माणसाचा हक्क पहिला. मागून येणाऱ्याने सांभाळायचं. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या सवयी इथे अजिबात चालत नाहीत.

पीझ नाइरला मात्र स्की न येणाऱ्यानेही जावं. कोर्विलियाहून केबिन थेट ३,०५७ मीटरवर नेते, आणि तीच खाली आणते. वर रानबोकडाचा पितळी रंगाचा एक भलाथोरला पुतळा शिंगं मिरवत उभा आहे. जवळच २००३ आणि २०१७ च्या जागतिक स्की स्पर्धांत पुरुषांच्या डाउनहिलची, म्हणजे सुसाट वेगाने खाली उतरायच्या शर्यतीची, सुरुवात जिथून झाली तो कडा आहे. ४५ अंशांचा उतार, म्हणजे जितकं पुढे तितकंच खाली. कठड्याला धरून मी वाकून बघितलं आणि दोन पावलं मागे आले. असल्या उतारावर उडी टाकणारी माणसं सकाळी नाश्ता करत असतील का, हा प्रश्न अजून डोक्यात आहे.

जेवण वर घ्यायचं तर सार्वजनिक उपाहारगृहात जवाचं सूप मागा. दाट, गरम, आणि पोटाला आधार देणारं. मांसाहार नको असेल तर आधी विचारा, बऱ्याचदा त्यात वाळवलेल्या मांसाचे तुकडे असतात. आम्ही खिशातून लोणावळ्याची चिक्कीही नेली होती. उणे आठ अंशांत, चेअरलिफ्टवर, चिक्की म्हणजे शहाबादी फरशी. बहिणीचा दात थोडक्यात वाचला. दाण्याचा लाडू न्या, तो थंडीत ऐकतो.

दुपारी अडीचला मी एक फेरी जास्त मारली. थांबायला हवं होतं. बर्फाचा तोवर भिजवलेला साबुदाणा झाला होता, जड आणि चिकट. थकलेल्या पायांनी वळताना डावी स्की ढिगात रुतली, उरलेली मी पुढे गेले. गुडघा जरासा पिरगळला, सुदैवाने तेवढंच. मार्चमध्ये दुपारी गावापर्यंत स्कीने उतरायचा हट्ट करू नका. खालचे उतार सर्वात आधी चिखलतात. फ्युनिक्युलरने खाली या, पासात ते येतंच. दुपारीही स्की करायचीच असेल तर दरीपलीकडच्या कोर्वात्शला जा. त्याचं वरचं स्थानक ३,३०३ मीटरवर आणि डोंगर उत्तरेकडे तोंड केलेला, म्हणून तिथला बर्फ उशिरापर्यंत कोरडा राहतो. मात्र तिथे थंडी वाजते आणि आजींचं ऊन मिळत नाही.

विम्याची गोष्ट निघण्यापूर्वीच. व्हिसासाठी काढलेल्या प्रवासविम्यात स्कीइंग बहुधा वगळलेलं असतं. बारीक अक्षरं वाचा आणि हिवाळी खेळांचं वेगळं कलम घ्या. डोंगरावरून हेलिकॉप्टरने उतरवायची वेळ आली तर ते बिल आपल्या खिशाला झेपणारं नाही.

मी स्वतः जिथे फसले ते ऊनच. नाकाला, गालाला, कपाळाला भरपूर क्रीम चोपडलं होतं. पण बर्फ ऊन खालून वर फेकतो, ताजा असला तर जवळजवळ ८० टक्के, आणि उंचीबरोबर अतिनील किरणंही वाढतात. संध्याकाळी आरशात बघितलं तर हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या आत लालभडक! क्रीम तिथेही लावायचं, कानाच्या पाळीमागे लावायचं, आणि दोन तासांनी पुन्हा लावायचं. गॉगल गडद हवा.

परतीच्या गाडीत बहिणीने एंगाडीनचा, म्हणजे या दरीचा, अक्रोडाचा केक कापला, आत कॅरॅमल आणि अक्रोड गच्च भरलेले. जड आहे, चार-पाच दिवस टिकतो, घरी न्यायला उत्तम. मी तो खात होते आणि ती माझ्या हनुवटीला खालून तूप लावत होती. समोरच्या सीटवरच्या स्विस बाई बराच वेळ बघत होत्या. शेवटी त्यांनी जर्मनमध्ये विचारलं, ते काय आहे, आणि कुठे मिळतं.