बरक्या फणसाचं पुस्तक : डमी बांधून झाली

कीटकांच्या चित्रपुस्तकाची डमी, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत, अखेर दोऱ्यानं शिवून हातात आली. घडीवरच्या शिवणीला पानं चारच्या पटीत लागतात. 28 पानांत पसरलेली गोष्ट मी 24 वर आणली. आवळल्यावर ती चांगलीच सुधारली.

गोष्ट कोकणातल्या परसातली. पिकलेला बरका फणस झाडाखाली पडून फुटतो. वासावर फळमाश्या येतात, फुलपाखरं येतात, झाडावरचे हुमले, म्हणजे तांबड्या मुंग्या, खोडावरून रांगेनं उतरतात. मग घूंऽऽ करत गांधीलमाशी येते आणि सगळ्यांना हुसकावून लावते. इथवर ती हावरट आणि हुमले गुणी, असंच वाटतं. पुढे तिची खोड मोडायची, हा सरधोपट शेवट मला नको होता. हाव आणि वाटणी हा विषय घेतला आहे, तर तो कीटकांच्या खऱ्या वागण्यातूनच यायला हवा.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो हुमल्यांच्या जोडपानावर. मुंगीच्या पोटात दोन कोठे असतात. पुढचा कोठा वारुळातल्या किंवा घरट्यातल्या सगळ्यांसाठी आणि मागचा स्वतःपुरता, मध्ये एक झडप. झडपेतून मागे जाईल तेवढंच तिचं. पुढच्या कोठ्याला ऑग्युस्त फोरेल या स्विस शास्त्रज्ञानं ‘सामाजिक जठर’ म्हटलं होतं. भुकेली मुंगी मिशांनी दुसरीच्या डोक्यावर भराभर टकटक करते. दुसरी जबडे फाकवते आणि तोंडाशी रसाचा थेंब आणते. नेमका तोच क्षण मी पानभर मोठा केला आहे. थेंबाची चकाकी रंगानं काढली नाही, कागदाचा पांढरा तसाच राखला. जोडपान जुळवताना हा थेंब घडीत जाणार नाही एवढं बघा, घडीत गेला की चित्र मेलं. पोट भरलेल्या मुंगीच्या पाठीवरच्या ढाली एकमेकींपासून सरकतात आणि मधली पातळ त्वचा दिसू लागते. तिथे ओल्या कागदावर ओलाच फिका नारिंगी जलरंग सोडला. कोण पिऊन आलंय आणि कोण उपाशी आहे, हे मुलांना न सांगता कळतं.

आता गांधीलमाशी. फणसावर ती रस पिते आणि तिथे घोंघावणारी एखादी माशी पकडून चावून तिचा गोळा करते. तिची कंबर इतकी बारीक की घास तिच्या स्वतःच्या पोटात जातच नाही. गोळा असतो पोळ्यातल्या अळ्यांसाठी. अळ्या तो खातात आणि उलट तिला गोडसर थेंब देतात. म्हणजे ज्या पानावर ती सगळ्यांचं हिसकावते, त्याच्या पुढच्याच पानावर ती वाटत असते. माशी मारलेली दाखवायची का, यावर आमच्या चित्रकार मैत्रिणीशी बराच वाद झाला. मी दाखवणार. ती झाकली तर अळ्यांचा घास कुठून आला हे कळणार नाही, आणि मुलांना असलं बघायला मोठ्यांपेक्षा कमी भीती वाटते.

डमी वाडीतल्या मुलांना वाचून दाखवली. ‘हावरट आहे ही!’ अशी आरोळी अपेक्षेप्रमाणे आलीच. पान उलटलं, पोळं दिसलं, आणि एका मुलीनं माझ्या हातातून पुस्तक घेऊन आधीचं पान परत काढलं. गांधीलमाशीच्या तोंडात गोळा आहे का, ते तिला बघायचं होतं. त्यामुळे हे वळण शब्दांत समजावणारं वाक्य मी काढून टाकलं. त्या पानावर आता फक्त ‘घरी’ एवढाच शब्द आहे.

पुढचं काम पिवळ्याचं. गऱ्यांचा पिवळा आणि गांधीलमाशीच्या पोटावरचा रुंद पिवळा पट्टा चार रंगांच्या छपाईत एकमेकांत मिसळतील अशी धास्ती आहे. गरे नारिंगीकडे झुकवून पट्ट्याभोवतीचा काळा गडद करणार आहे. 130 आणि 170 जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाच्या) मॅट आर्ट पेपरवर एकेक चाचणी छापून घेईन. जलरंगाची चित्रं मॅटवर छापून घेतलेल्यांनी सांगा, फिका नारिंगी टिकतो का? हुमल्यांची पोटं सगळी त्याच रंगावर उभी आहेत.