नाल्यातून घरात आलेलं कासव

जुलैत वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये पाणी शिरलं. ते ओसरलं तेव्हा वॉचमनला गटाराच्या जाळीपाशी कासव दिसलं. बादलीत घालून त्याने ते थेट आमच्याकडे आणलं, कारण सोसायटीतली पंख मोडलेली कबुतरं आणि पोरकी मांजरं शेवटी आमच्याच दारात येतात. बशीपेक्षा थोडं मोठं, हिरवट पाठ, पिवळ्या पोटावर काळे डाग आणि डोळ्यामागे लाल पट्टा. जवळ गेलं की डोकं आत घेण्याऐवजी मान लांब करून ते खायला मागायचं. बाहेर वाढलेलं कासव असं वागत नाही. कुणीतरी पाळलेलंच होतं.

सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, मालक असेल तर घेऊन जा म्हटलं. मालक काही आला नाही, सल्ले मात्र आले. उपवन तलाव एवढा जवळ आहे, सोडून द्या. मासुंद्याला सोडा, तिथे लोक पाव तरी टाकतात. येऊरला सोडा. एका काकांनी गावच्या देवळातली विहीर सुचवली. ठाण्यात तळ्यांची कमतरता नसल्यामुळे हा उपाय सगळ्यांना पटकन सुचतो, आणि सोडणाऱ्याला पुण्यही मिळाल्यासारखं वाटतं. सासूबाईंचं मत अगदी उलट होतं: कासव आपल्या पायांनी घरात आलंय, त्याला हाकलायचं नाही. ते बादलीतून आलं होतं, पण तो मुद्दा मी सोडून दिला.

आधी ते कुठल्या जातीचं आहे हे कळायला हवं होतं, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. आपल्याकडच्या तळ्यांत सापडतं ते मऊ पाठीचं कासव. त्याच्या कवचावर खवल्यांसारखे चौकोन नसतात, नाक पुढे नळीसारखं असतं. पाठीवर चांदण्या आणि जाडजूड पाय असलेलं तारा कासव जमिनीवरचं, त्याला चुकूनही पाण्यात टाकू नये, बुडून मरतं. ही दोन्ही 1972च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. घरात ठेवली तर 3 ते 7 वर्षांची शिक्षा होऊ शकते, मग हेतू कितीही चांगला असो. असं कासव सापडलं तर वनखात्याला कळवायचं आणि त्यांच्या हवाली करायचं. महाराष्ट्रात त्यांचा हेल्पलाइन नंबर 1926.

मीही तिथेच फोन केला. लाल पट्टा सांगितल्यावर लगेच उलगडा झाला: रेड-इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतलं, मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. रुपयाच्या नाण्याएवढी पिल्लं असताना विकली जातात आणि घेणाऱ्याला सांगतात की हे एवढंच राहतं. प्रत्यक्षात मादी फूटभर होऊ शकते आणि नीट सांभाळली तर 30 वर्षंही जगते. मग काचेचं भांडं पुरत नाही, पाण्याला वास येतो, आणि कुणीतरी रात्री तळ्यावर चक्कर मारून येतं. जगातल्या सगळ्यात उपद्रवी 100 परक्या जातींच्या यादीत याचं नाव आहे. ऊन खायच्या जागा आणि अन्न यांवर ते ताबा मिळवतं, आणि आपल्या कासवांना मागे सरावं लागतं. म्हणजे आमच्या ग्रुपवरचा सल्ला उपवनच्या कासवांच्या मुळावरच येणारा होता. मी ग्रुपवर हे लिहिलं. दोन अंगठे आले, बाकी शांतता.

प्राणी वाचवणाऱ्या संस्थांनाही विचारलं. बोलायला सगळे चांगले, पण स्लायडर कुणालाच नको होतं, आधीचीच पुष्कळ होती. मग घरात जागा करणं आलं.

जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कुत्र्या-मांजरांपलीकडे माझा अभ्यास नाही, असं सरळ सांगितलं. त्याचं मला बरंच वाटलं. विदेशी प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी आधी त्याला पाण्यात सोडून बघितलं. एका अंगावर कलून तरंगत असेल तर फुप्फुसाला संसर्ग झाल्याची शंका घेतात. हे सरळ पोहत होतं. मग कवचाची कड दाबून पाहिली, ती दबत होती. पापण्या सुजलेल्या होत्या. कॅल्शियम कमी, अ जीवनसत्त्व कमी, ऊन नाही. इतके दिवस नुसत्या सुक्या झिंग्यांवर काढले असावेत. नख्या आखूड आणि शेपूट बारीक, म्हणून मादी. मादी नराशिवायही अंडी घालते, ती अर्थातच फुटत नाहीत. पण खणायला वाळू नसेल तर अंडी पोटात अडकून जिवावर बेतू शकतं, हे ऐकून मी वाळूचा घमेला यादीत घातला. मुलीने तिचं नाव सखू ठेवलं.

खरी कसोटी उन्हाची होती. कवचात कॅल्शियम जायला ड-3 जीवनसत्त्व लागतं आणि ते तयार व्हायला अतिनील-ब किरण. ते काचेतून आत येत नाहीत. आमच्या हॉलमध्ये सकाळचं छान ऊन येतं, पण सरकत्या काचांमधून, म्हणजे सखूच्या उपयोगाचं शून्य. पावसाळ्यात तर तेही नाही. म्हणून हेच किरण देणारी यूव्हीबी ट्यूब घेतली. ही ट्यूब दिसायला चालू असते तरी तिचे किरण हळूहळू कमी होत जातात, त्यामुळे बसवल्याची तारीख मी तिच्यावरच मार्करने लिहून ठेवली आहे. ऊन पडलं की बाल्कनीत टब ठेवते, अर्धा सावलीत. उथळ पाणी पटकन तापतं आणि कासवाला पळायला जागा नसते. टब बाहेर असताना मी तिथून हलत नाही. कावळे ग्रिलवर येऊन बसतातच.

पाण्याचा ढोबळ हिशेब असा: कवचाच्या दर इंचाला 40 लिटर. सहा इंचांच्या कासवाला 240 लिटर, म्हणजे पाण्याचंच वजन 240 किलो. नवऱ्याने हा आकडा ऐकून बाल्कनीचा विचार तिथेच सोडला. टाकी हॉलमध्ये कॉलमच्या कडेला आली आणि टीव्ही सरकला. एका टोकाला पूर्ण कोरडं होता येईल असा कट्टा, त्यावर गरम बल्ब, आणि फिल्टर माशांच्या टाकीला लागतो त्याच्या दुप्पट ताकदीचा, कारण कासव पाण्यातच खातं आणि पाण्यातच घाण करतं. बदललेलं पाणी झाडांना उत्तम. फक्त तुळशीला घालायचं नाही, हा सासूबाईंचा नियम. जास्वंदीला चालतं आणि जास्वंद सध्या जोरात आहे.

खाण्याचं वळण लावायला वेळ गेला. सखूला झिंग्यांशिवाय काही अन्न वाटेना. कासवांसाठीचे पेलेट पाण्यावर तरंगत राहायचे आणि ती माझ्याकडे बघत बसायची. डॉक्टर म्हणाले, निरोगी मोठं कासव काही दिवस उपाशी राहिलं तर बिघडत नाही, आधी तुम्ही हार मानू नका. सासूबाई चोरून सोडे टाकतात असा मला संशय होता. विचारलं तर म्हणाल्या, एकच टाकला. शेवटी किसलेल्या गाजरावर गाडी रुळावर आली, मग लेट्यूस, लाल भोपळा. पालक आणि चुका टाळतो, त्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून ठेवतं. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानातला समुद्रफेस, पाठीचा कडक पापुद्रा काढून. ती तो कुरतडते आणि टाकीभर पांढरा भुगा करते.

एक नियम घरात सगळ्यांना कडक आहे: सखूला किंवा तिच्या पाण्याला हात लावला की साबणाने धुवायचा, आणि तिची कुठलीच वस्तू स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये आणायची नाही. कासवाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, ते स्वतः ठणठणीत असलं तरी. लहान मुलांना याच कारणाने आजार होत होते म्हणून अमेरिकेने 1975मध्ये चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी घातली. सासूबाईंचं वय बघता मी यात सूट देत नाही.

आता सुजलेले डोळे पूर्ण उघडलेत, कवचाची कड टणक झाली आहे. कागदपत्रांचं म्हणाल तर, वन्यजीव कायद्यात 2022मध्ये झालेल्या दुरुस्तीने परक्या उपद्रवी जाती बाळगण्यावर नियम करायचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आहे. उद्या नोंदणी मागितली तर हाताशी असावं म्हणून सापडलं त्या दिवसाचा फोटो, ग्रुपवरचा मेसेज आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मी वीजबिलांच्याच फाइलमध्ये लावल्या आहेत. बिलंही हल्ली बघण्यासारखी येतात.