तुम्ही विचारलंत म्हणून: आम्ही काय पाठवू?

पूर ओसरला, भूकंप होऊन गेला, वादळ शमलं की माझा फोन वाजायला लागतो. मदतकार्यात माझी ऊठबस असते हे ओळखीतल्यांना माहीत आहे आणि त्यांच्याकडून पुढे आणखी चारजणांना कळलेलं असतं. प्रश्न ठरलेला: "आम्ही काय पाठवू?" आणि मग जरा आवाज उतरवून, "आमच्या एवढ्याशानं काय होणार म्हणा, पण काहीतरी करावंसं वाटतं." फोनवर उत्तर देऊन होत नाही, म्हणून एकदाचं सविस्तर लिहिते.

पहिल्या आठवड्यात पैसे पाठवा. जी संस्था तिथे आधीपासून काम करते आणि हिशेब देते, तिला. पैसे देणं कोरडं वाटतं, हे मला कळतं. घरातलं काहीतरी आपल्या हातानं बांधून दिलं की दिल्यासारखं वाटतं. पण ते गाठोडं पोचल्यावर काय होतं तेही बघायला हवं. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ट्रकच्या ट्रक येऊन पडले. लोकांनी त्यांना हात लावला नाही, आणि नागपट्टिणमला रस्त्याकडेला कपड्यांचे ढीग साचले. घर वाहून गेलं म्हणून माणूस कुणाचंही उतरलेलं अंगात घालायला तयार होतो, असं थोडंच आहे? शिवाय ते सगळं निवडायला माणसं लागतात. जोडीतला एकच बूट, चेन तुटलेली बॅग, लग्नसमारंभातले जरीचे कपडे. आपलं कपाट मोकळं झालं आणि तिकडे कुणाच्या तरी डोक्याला ताप झाला, एवढाच त्याचा अर्थ.

आता "एवढ्याशानं काय होणार" याकडे वळते. १७ जानेवारी १९९५ला पहाटे जपानमधल्या कोबे परिसरात भूकंप झाला. सहा हजार चारशेहून जास्त माणसं गेली. ढिगाऱ्याखालून जी जिवंत निघाली, त्यातल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं. अवाजी बेटावरच्या होकुदान गावात तर कोण कुठल्या खोलीत झोपतं हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे नेमकं कुठे उकरायचं हे कुणाला विचारावं लागलं नाही.

घोळ झाला तो पुढे. तात्पुरती घरं बांधली गेली, ती वाटताना म्हाताऱ्यांना आणि अपंगांना आधी संधी मिळाली आणि चिठ्ठ्या टाकून घरं दिली गेली. हेतूत खोट काढण्यासारखं काही नाही. पण जुना शेजार विस्कटला. एका गल्लीतली माणसं शहराच्या चार टोकांना गेली, आणि त्या घरांत दोनशेहून जास्त जण एकटे, कुणाला पत्ता न लागता मेले. छप्पर होतं, पांघरूण होतं, दाराशी येऊन हाक मारणारं माणूस नव्हतं. २००४ मध्ये निइगाता भागात भूकंप झाला, तेव्हा यामाकोशी गावच्या लोकांना वाडीवाडीनं एकत्र हलवलं आणि नव्या जागीही शेजार जुनाच ठेवला. कोबेतून घेतलेला धडा होता तो.

डॅनियल आल्ड्रिच नावाचे एक अमेरिकन राज्यशास्त्राचे अभ्यासक आहेत. २००५ मध्ये कटरीना वादळात न्यू ऑर्लीन्समधलं त्यांचं स्वतःचं घर गेलं. पुढे त्यांनी १९२३चं टोकियो, १९९५चं कोबे, त्सुनामीनंतरचं तामिळनाडू आणि न्यू ऑर्लीन्स अशी चार ठिकाणं अभ्यासली. पडझड किती झाली आणि पैसा किती आला, यापेक्षा लोकांचं एकमेकांत येणंजाणं किती होतं, यावरून वस्ती किती लवकर सावरते हे जास्त कळतं, असं त्यांना दिसलं. इतकं तर बरेच जण सांगतात. पण तामिळनाडूबद्दल त्यांनी आणखी एक नोंदवलंय, ते सहसा कुणी बोलत नाही. जिथे गावची पंचायत एकजुटीची होती, तिथे मदत भराभर आली. आणि त्याच एकजुटीमुळे दलित, विधवा, गावच्या जमातीत न बसणारे असे कित्येक जण यादीबाहेर राहिले.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. माया ओळखीच्या वाटेनं चालते. ज्याच्या चार ओळखी, त्याच्याकडे चार हात येतात. ज्याची ओळख नाही त्याच्या दारावरून ट्रक पुढे जातो आणि त्यात कुणाची वाईट इच्छा असतेच असंही नाही. बाहेरून आलेला माणूस गावातल्या कुठल्याच गोटातला नसतो. त्याला ही गोष्ट दिसू शकते आणि त्याचा खरा उपयोग तिथेच आहे.

म्हणजे करायचं काय? छावणीत गेलात की पुढे येऊन बोलणाऱ्यांशी बोला, पण मागे कोण बसलंय तेही पाहा. "तुमचं नाव यादीत आहे का?" एवढं विचारत फिरा. भाडेकरू हमखास सापडतील. घर मालकाचं, पंचनामा मालकाच्या नावानं, आणि चिखलात गेलेला संसार भाडेकरूचा. एकटी म्हातारी माणसं सापडतील. पडझडीच्या आठवड्याभर आधीच राहायला आलेलं, कुणालाच माहीत नसलेलं एखादं कुटुंब सापडेल. त्यांच्याबरोबर रांगेत उभं राहणं, अर्ज भरून देणं, पोच घ्यायला लावणं ही कामं फार कंटाळवाणी आहेत. फोटोत ती चांगली दिसत नाहीत, त्यामुळे त्यांना गर्दीही नसते.

कागद हा माझा जिव्हाळ्याचा विषय, तेव्हा इथे जरा रेंगाळते. पुरानंतर घरोघरी दाखले, पासबुकं, जमिनीचे कागद यांचा एक चिकटलेला ओला गठ्ठा निघतो आणि पहिली ऊर्मी तो ओढून सुटा करण्याची किंवा उन्हात टाकण्याची असते. दोन्ही टाळा. ओल्या कागदात जोर नसतो, आणि कडक उन्हात तो आकसून वाकडा होतो. शाई फुटणारी नसेल तरच वरचा चिखल स्वच्छ गार पाण्यानं हलकेच धुवायचा. मग सावलीत, वारा लागेल असं ठेवायचं, वरखाली पाणी शोषणारा कोरा कागद घालायचा आणि तो ओला झाला की बदलत राहायचं. पानं सुटी होण्याच्या बेताला आली की आपणहून सुटतात, तेवढा धीर धरायचा. दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. तेवढ्यात सगळं उरकणार नसेल तर गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कुणाच्या तरी फ्रीझरमध्ये ठेवायचा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, आणि मग सवडीनं थोडे थोडे काढता येतात. फोटोंचं थोडं वेगळं. एकमेकांना चिकटलेले फोटो तसेच वाळू दिले तर कायमचे गेले. ते गार स्वच्छ पाण्यात ठेवून, चित्राच्या बाजूला बोट न लावता सोडवायचे आणि चिमट्यानं कडेला धरून टांगायचे.

२०११च्या त्सुनामीनंतर जपानमध्ये हे काम फार मोठ्या प्रमाणावर झालं. चिखलातून मिळालेले लाखो फोटो स्वयंसेवकांनी धुतले. फोटोवरचा चित्राचा थर जिलेटिनचा असतो आणि घाण पाण्यातले जीवाणू तो खात जातात, त्यामुळे घाई होती. धुतलेले फोटो सभागृहांतून मांडून ठेवले, लोक येऊन आपापले शोधायचे. या कामाला ना ताकद लागते ना पदवी. मऊ ब्रश, पाणी आणि चिकाटी असली की पुरे.

जपानचंच आणखी एक सांगते. कोबेनंतर तिथे पाय शेकण्याचं काम सुरू झालं. टबात गरम पाणी, त्यात समोरच्याचे पाय, आणि स्वयंसेवक समोर बसून त्याचे हात चोळतो. मला यातली युक्ती आवडते. "बोला, तुम्हाला काय वाटतंय?" असं कुणी विचारत नाही. हात गुंतलेले असतात, पायांना ऊब मिळते, आणि माणूस आपसूक पुटपुटायला लागतो: झोप लागत नाही, शेजारी नवे आहेत, औषध संपलंय. ते नंतर टिपून ठेवतात आणि त्यातून कुणाचं काय अडलंय ते कळतं.

ऐकण्याचंही पथ्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये आपत्तीतल्या मानसिक प्रथमोपचारावर एक मार्गदर्शिका काढली. तिचं सूत्र: पाहा, ऐका, जोडून द्या. कुणाला त्या रात्रीबद्दल बोलायला लावू नका, असं ती स्पष्ट सांगते. "जीव वाचला हे काय कमी आहे?" हे वाक्य तर घरीच ठेवून जा. ज्याचं माणूस गेलंय त्याला ते फार लागतं.

अंगमेहनत करायची असेल तर न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चची पोरं बघा. सप्टेंबर २०१० आणि फेब्रुवारी २०११च्या भूकंपांत तिथे जमिनीतून पाण्याबरोबर राखाडी गाळ वर आला आणि अंगणं भरून गेली. कॅंटरबरी विद्यापीठातली मुलं फेसबुकवरून एकमेकांना गोळा करून फावडी, ढकलगाड्या घेऊन दारोदार गेली आणि गाळ उपसत राहिली. अवघड काहीच नाही. पण एकट्या म्हाताऱ्या माणसाला आपल्याच दारापर्यंत जाता येत नसेल, तर एक दुपारचं फावडं त्याच्यासाठी फार मोठं असतं. जाणार असाल तर आधी कळवून जा, आपलं जेवणपाणी आपण न्या, सांगतील ते काम करा.

"आता तीन महिने झाले, आता जाऊन काय उपयोग?" असंही विचारतात. उलट तेव्हाच जा. पहिल्या आठवड्यात माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात, तिसऱ्या महिन्यात फिरकायला कुणी नसतं. आणि नेमकी तेव्हाच भरपाई अडकते, उधारी वाढते, माणूस चिडचिडा होतो. एवढ्या लांब जमणार नसेल तर निदान एका घराचा फोन नंबर, त्यांना विचारून, घेऊन ठेवा. सहा महिन्यांनी लावा. काय बोलायचं सुचत नसेल तर दाखल्याचं झालं का एवढंच विचारा. बहुतेक वेळा झालेलं नसतं. मग कुठल्या टेबलावर अडलंय ते विचारून घ्या आणि त्या कचेरीत फोन लावा.