आमची वाटचाल: सागाची थप्पी आणि हातची गेलेली ऑर्डर

भांडवल माझं आणि हात मिस्त्रींचे, अशी आमची भागीदारी सुरू झाली. त्यांचा लोखंडी रंधा आजही कारखान्यात चालतो. सागात वाळूसारखी सिलिका असते, पातं लगेच बोथट होतं. मिस्त्री घडीघडी थांबून ते दगडावर घासणार, नखावर धार बघणार, मगच पुढची फळी. मशीन आली तरी शेवटचा हात त्या रंध्याचाच.

सुरुवातीची वर्षं बरी गेली.

मग एका मोठ्या कार्यालयाचं काम ठरलं. टेबलं, कपाटं, भिंतीचं पॅनेलिंग, सगळं सागाचं. त्यांच्या शब्दावर आम्ही माल उचलला, मध्ये पट्ट्या घालून थप्प्या लावल्या आणि मीटरवर ओलावा १२ टक्क्यांखाली येईपर्यंत एकाही फळीला करवत लावली नाही. तेवढ्यात दुसऱ्या एकाने भाव पाडून काम नेलं. कागदावर सागवान, प्रत्यक्षात रबरवुडला सागाच्या रंगाचा स्टेन! आमचा पैसा थप्पीत अडकला, पगार थकले, कारागीर एकेक करून त्याच्याच कारखान्यात गेले. मिस्त्री तेवढे राहिले.

रबरवुडला मी नावं ठेवत नाही. चीक देऊन थकलेल्या झाडांचं हे लाकूड. किडीचं औषध नीट दिलेलं असेल तर घरातल्या फर्निचरला उत्तम. पण मग रबरवुड म्हणून विका ना.

पुढे त्या कार्यालयात टेबलाचा कोपरा ठेचला आणि आतून पांढुरकं लाकूड निघालं. म्हणजे आमचंच खरं होतं. तरी ते आमच्याकडे आले नाहीत, तिसऱ्याकडे गेले. साधा फोनसुद्धा नाही.

आम्हाला तारलं ते वाचनालय चालवणाऱ्या एका बाईंनी. त्यांना हव्या होत्या ओकच्या मेजा. पण आमच्या अडकलेल्या सागाच्या थप्पीजवळ आल्या, फळीचं कापलेलं टोक ओल्या अंगठ्याने पुसून वर्षवलयं निरखली, वास घेतला आणि म्हणाल्या, "मेजा ह्याच्याच करा." वर आगाऊ रक्कमही दिली. ओकची कपाटं त्यांनी नंतर केली, तीही आमच्याकडूनच.

ओकचा विषय निघालाच आहे तर सांगतो. त्याला साधे लोखंडी स्क्रू मारू नका. ओकमध्ये टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, ओल लागली की लोखंडाभोवती काळे डाग पडतात. पितळी किंवा स्टेनलेस वापरा. सागाला तेल असतं, म्हणून सांध्याला सरस लावण्याआधी तो भाग थिनरने पुसून घ्या. खुर्चीच्या वाकवायच्या पाठीसाठी बीच किंवा अॅश ही लाकडं घ्या, वाफेवर छान वळतात. सागाच्या मागे लागू नका. आणि कुठल्याही भरीव लाकडाचा टॉप खालच्या चौकटीला घट्ट ठोकून टाकू नका. फळी रुंदीत फुगते, आकसते. चौकटीतली भोकं लांबट ठेवा, स्क्रूला सरकायला जागा हवी. ज्याने आमचं काम नेलं, त्याच्या मेजांना ती भोकं गोलच होती.