बिबड्यांच्या पाकिटावरचं अक्षर

आज धुळ्यात डीटीपीवाल्याकडे दोन तास बसलो, आईच्या ज्वारीच्या बिबड्यांचं (म्हणजे आमच्या खानदेशी पापडांचं) लेबल करायला. त्याने आधी लांबलचक वेलांट्यांचा, नक्षीदार हस्ताक्षरी फॉन्ट लावला. लग्नपत्रिकेवर शोभला असता, पण वजन-किंमत वाचायला चष्मा लागला! मग 'कलम' लावला. गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. जरासा उजवीकडे कललेला, स्केचपेनने घाईत चिठ्ठी खरडावी तसा. नाव तेवढं त्यात, बाकी मजकूर साध्या ठसठशीत अक्षरात. एकच खटकलं, 'बिबड्या'तले दोन्ही ब हुबेहूब सारखे. हाताने लिहिताना असं कधी होतं का? (माझे तर मुळीच नाही.)

घरी आईने पाकीट उलटंपालटं केलं. "हाई कोनी लिखं रे भाऊ? तुनं अक्षर ते नही शे!"