बोटाला शाई न लागणारी निवडणूक

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला सुट्टी नसते. कोपरीत रिक्षावर भोंगा फिरत नाही, नेरुळच्या सेक्टरांमधून कोणी चिठ्ठ्या वाटत नाही, आणि मतदान शाळेत होत नसल्यामुळे पोरांचाही एक दिवस वाचत नाही. तरी ठाण्याहून वाशीला निघालेल्या गाडीत रबाळे यायच्या आत विषय तापलेला असतो. एकाचं म्हणणं, या वेळी तरी वर कोणीतरी कणखर बसायला हवं. समोरचा खिडकीबाहेर बघतच सांगतो, ‘कोणीही बसा, सहीच करायचीये ना?’

यातल्या दोघांनाही मत नाही. मत आहे ते निवडून आलेल्या आमदार-खासदारांना. नामनियुक्त खासदार यात नाहीत, विधान परिषदेचे आमदारही नाहीत. एरवी कुठल्याही उद्घाटनाला पुढच्या रांगेत असणारे परिषदेचे सन्माननीय सदस्य त्या दिवशी तुमच्या-आमच्यासारखेच बघे.

शिवाय या मताला भाव असतो, आणि तो ठरवायची रीत सोपी आहे. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख १२ हजार २३५ होती. तिला २८८ आमदारांनी भागायचं, येईल त्याला पुन्हा १००० ने भागायचं. बाकी ५०० किंवा त्याहून जास्त उरली तर एक वाढवायचा. उत्तर १७५. उत्तर प्रदेशच्या आमदाराचा भाव २०८, सिक्कीमच्या आमदाराचा ७. देशातल्या सगळ्या आमदारांच्या मतांची बेरीज करून तिला निवडून आलेल्या ७७६ खासदारांत वाटलं की खासदाराचा भाव निघतो. २०१७ मध्ये तो ७०८ होता, २०२२ मध्ये ७०० झाला. कारण काय, तर मधल्या काळात जम्मू-काश्मीरची विधानसभा उरली नव्हती आणि तिथली मतं बेरजेतून गळली. ठाण्याच्या खासदाराचं वजन आठने उतरलं, त्यात ठाणेकरांचा हातही नाही आणि दोषही नाही.

आता १९७१ साल आठवून बघा. नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन होऊन जेमतेम वर्ष झालेलं. वाशी म्हणजे मिठागरं, खाजणं, भातशेती आणि आगरी-कोळ्यांची गावं. खाडीवरचा पहिला पूलसुद्धा झाला नव्हता. ऐरोली मतदारसंघ तर २००९ च्या निवडणुकीत पहिल्यांदा अवतरला. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेत ११ लाख २० हजार माणसं मोजली गेली आणि ठाणे महापालिकेत १८ लाख ४१ हजार. यातलं बहुतेक कोणीच त्या १७५ मध्ये नाही. ऐरोली आणि बेलापूरचे आमदार राष्ट्रपती निवडतात ते घणसोली-कोपरखैरण्याच्या टॉवरांच्या जिवावर नव्हे, टॉवरांच्या आधीच्या माणसांच्या जिवावर.

१९७१ च्या लोकसंख्येचा हा आकडा गोठवला १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं, त्यांचं वजन त्यापायी घटू नये, हा हेतू. २००१ मध्ये चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने मुदत वाढवली, ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत. सध्याच्या राष्ट्रपतींचा कार्यकाळ जुलै २०२७ मध्ये संपतो. नियम आहे तसाच राहिला तर तेव्हाही १७५ च. दक्षिणेतल्या राज्यांची बाजू पटते, अगदी पटते. पण दिघा ते बेलापूर उभं राहिलेलं अख्खं शहर हिशेबात नाही, हे पचायला जड जातं.

तरी आशा ठेवायला मताची गरज लागत नाही. २००७ मध्ये शिवसेना भाजपसोबत असूनही प्रतिभा पाटील यांच्या पाठीशी उभी राहिली, ती मराठी राष्ट्रपती म्हणून, आणि ठाण्यात त्याचं कौतुकच झालं. २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू निवडून आल्यावर शहापूरच्या आदिवासी पाड्यांवर अपेक्षा उंचावल्या असतील तर त्या भाबड्या म्हणता येत नाहीत. शहापूर अनुसूचित क्षेत्रात येतं आणि घटनेच्या पाचव्या अनुसूचीनुसार अशा क्षेत्राच्या कारभाराचा अहवाल राज्यपालांनी राष्ट्रपतींना द्यायचा असतो. कागदावर तरी पाड्यापासून दिल्लीपर्यंत एक वाट आहे.

दुसरी वाट अर्जाची. पाणी, अडलेलं कन्व्हेयन्स (इमारतीची जमीन सोसायटीच्या नावावर होणं), रखडलेला पुनर्विकास, सगळीकडे हात टेकले की कोणीतरी म्हणतंच, ‘थेट राष्ट्रपतींना लिहा.’ लिहावं, जरूर लिहावं. फक्त पुढे काय होतं ते माहीत असावं. राष्ट्रपती सचिवालयात अर्जाला क्रमांक मिळतो, विषय बघून तो केंद्राच्या खात्याकडे किंवा राज्य सरकारकडे जातो, तिथून संबंधित विभागाकडे, आणि पाणी असेल तर महापालिकेकडे, कन्व्हेयन्स असेल तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे. म्हणजे ज्या टेबलाला कंटाळून लिहिलं, त्याच टेबलावर तो फिरून येतो. फरक इतकाच की आता त्याच्या पाठीवर दिल्लीचा क्रमांक असतो आणि काहीतरी उत्तर लिहिणं भाग पडतं. म्हणून एका अर्जात एकच विषय घ्यावा, कोणत्या कार्यालयात कोणत्या तारखेला अर्ज दिला आणि आवक क्रमांक काय ते पहिल्या परिच्छेदातच यावं, सोबत पोच जोडावी. चार पानी कैफियतीतला नेमका मुद्दा कारकुनाला सापडला नाही तर ‘सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही’ हे उत्तर ठरलेलं. न्यायालयात चालू असलेला दावा आणि भावाभावांतली वाटणी पाठवू नये, ते अर्ज तसेच निकाली निघतात.

धास्तीचं म्हणाल तर ती दोन तऱ्हेची. पहिली रबरी शिक्क्याची, म्हणजे राष्ट्रपती नुसती सही करतात ही. घटनेच्या कलम ७४ नुसार राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचं. सल्ला एकदा फेरविचाराला परत पाठवता येतो, दुसऱ्यांदा आला की मानावा लागतो. सोसायटीच्या अध्यक्षाचं असतं तसंच हे, चेकवर सही त्याची, ठराव कमिटीचा. पण सही कधी करायची याला विधेयकांच्या बाबतीत मुदत नाही, आणि तिथे थोडी हालचाल करता येते. १९८६ मध्ये ग्यानी झैलसिंग यांनी टपाल विधेयकावर सहीच केली नाही; पत्रं उघडून वाचायचा सरकारला मिळू पाहणारा अधिकार तिथेच अडला. २००६ मध्ये कलाम यांनी लाभाच्या पदाचं विधेयक परत पाठवलं, संसदेने ते जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं आणि मग त्यांना सही करावी लागली. दोन्ही उदाहरणं शिक्का म्हणणाऱ्याला सांगावीत. दुसरं सांगताना आवाज जरा खाली येतो, हे खरं.

दुसरी धास्ती राष्ट्रपती राजवटीची, आणि ती महाराष्ट्राने तीनदा पाहिलीय: १९८०, २०१४ आणि २०१९. शेवटची १२ नोव्हेंबरला लागली आणि २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली. लोक चहाला उठले तेव्हा शपथविधीची बातमी टीव्हीवर होती. तेव्हापासून राष्ट्रपती भवनात रात्री दिवे कधी मालवतात याची चौकशी ठाण्यात जरा जास्तच होते. २०२२ ची निवडणूक तर कोपरी-पाचपाखाडीचे आमदार एकनाथ शिंदे मुख्यमंत्री होऊन तीन आठवडे व्हायच्या आत आली. राज्याचं मंत्रिमंडळ म्हणजे तेव्हा दोनच माणसं. लोकांना राष्ट्रपती कोण होणार यापेक्षा १८ जुलैला विधान भवनात कोणता आमदार कोणासोबत गाडीतून उतरतो हे बघायचं होतं.

मतदान मात्र गुप्त. पक्षाला व्हिप काढता येत नाही आणि राज्यसभेच्या निवडणुकीसारखी मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवताही येत नाही. आमदारांची मतपत्रिका गुलाबी, खासदारांची हिरवी. आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानेच उमेदवारांच्या नावापुढे पसंतीचा आकडा लिहायचा. स्वतःचं पेन बाहेर ठेवून आत जायचं. मराठी १ चालतो, रोमन आकडाही चालतो, ‘एक’ असं अक्षरात लिहिलेलं चालत नाही. दोघांपुढे १ लिहिला, १ लिहिलाच नाही, खाली सही ठोकली, की मत बाद. पहिली पसंती सक्तीची, दुसरी ऐच्छिक. त्या दुसऱ्या पसंतीवर निकाल एकदाच लागला, १९६९ मध्ये, व्ही. व्ही. गिरी आले तेव्हा. मतदान संपलं की पेटी सील होऊन दिल्लीला विमानाने जाते, आणि अधिकाऱ्याच्या शेजारी तिच्या नावाचं वेगळं तिकीट असतं: मिस्टर बॅलट बॉक्स.

इतकी सगळी काळजी घेऊन २०२२ मध्ये ५३ मतं बाद झाली. ३८ आमदारांची आणि १५ खासदारांची. फक्त त्या १५ खासदारांचं मोल काढलं तरी १०,५०० होतं, म्हणजे महाराष्ट्राच्या बरोब्बर ६० आमदारांइतकं. मतदान गुप्त असल्यामुळे यातलं कोण आकडा लिहायला चुकलं आणि कोणी मुद्दाम चुकवलं, हे त्यांच्या पक्षालाही कळायला मार्ग नाही.